कळपातला शेवटचा

७ एप्रिल

पोचलो एकदाचे! आमच्या नाउता शहरातून पाच दिवस लाँचवर, झोळीत झोपून झोपून माझ्या पाठीचा पार चेंदामेंदा झालाय. निल्साला मात्र काही म्हणजे काही नाही. सात वर्षांची पोर, पण सगळ्या खलाशांना तिनं कामाला लावलं होतं. उतरताना एकानं तिला केळ्यांचा अख्खा घड दिला, दुसऱ्यानं डोक्यावरची टोपी.

सांता रुफिना म्हणजे बावीस घरं, एक शाळा आणि डास. नदी इतकी चढलीय की लाँच थेट शाळेच्या पायऱ्यांना लागली. गावप्रमुख लिसार्दोनं माझी ट्रंक खांद्यावर टाकली आणि चालता चालता माहिती पुरवली की आधीच्या एका मास्तरांना हिवतापानं पळवलं, दुसऱ्यांना बायकोनं आणि तिसऱ्यांना मासातोच्या, म्हणजे इथल्या कंदाच्या दारूच्या, पिंपानं. तर बाई, तुम्ही कशानं जाणार? मी म्हटलं, मी जाणार ती पेन्शन घेऊनच. सगळे खो खो हसले. मी मात्र खरंच बोलत होते. इथे वर्ष काढलं की नोकरी कायम होणार. निल्साच्या बापानं दुसरीबरोबर पोबारा केल्यापासून मला काहीतरी कायमचं हवंय.

घर छान आहे. शाळेला लागूनच, पुरुषभर उंचीच्या नऊ खांबांवर. जमीन ताडाच्या फळ्यांची, फटींतून खालचं सगळं दिसतं. निल्सा पालथी पडून खालच्या कोंबड्या मोजतेय. दर वेळी आकडा वेगळा येतोय आणि तिला त्याची काही लाज नाही.

१३ एप्रिल

पटावर सतरा मुलं. निल्साला धरून अठरा. तिचं नाव मागाहून घातलं म्हणून ते सगळ्यात खाली आलं, त्यावर बाईसाहेब फुगून बसल्या. मी समजूत काढली की शेवटचं नाव घेतलं की मला श्वास सोडता येतो, म्हणून ते सगळ्यात महत्त्वाचं. आता हजेरीला बाकीची मुलं ‘हजर’ म्हणतात आणि ही अशी ओरडते की छपरावरचे पोपट उडतात.

शेजारीण तेओलिंदा मावशी. सत्तरी उलटलेली सुईण, तोंडात पाइप आणि जीभ पाइपापेक्षा गरम. पहिल्याच दिवशी तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुनावलं की तुला कुणी फुंकर मारली तर तू नाउतात जाऊन पडशील. त्याच दमात धुरावलेले चार मासेही दिले. रोज भर दुपारी ती आपल्या पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून बसते. हातात काही काम नसतं. कुणाची वाट बघतेस असं विचारलं तर म्हणाली, जावयाची. लिसार्दो नंतर म्हणाला, तिला मुलगीच नाही. मला हसू आवरेना.

२२ एप्रिल

आज शाळा अकरालाच सुटली आणि ती मी सोडली नाही. आधी वास आला, आंबलेल्या घामासारखा, डोळ्यांत जाणारा. मग कुणीतरी ‘वांगाना!’ म्हणून ओरडलं आणि बाक रिकामे.

आमच्याकडे वांगाना म्हणजे बाजारातला धुरावलेला तुकडा. जिवंत पहिल्यांदाच पाहिले. पांढऱ्या जबड्यांची रानडुकरं, दोनशे तरी असतील, सगळा कळप नदी ओलांडत होता. पाण्यावर नुसती डोकी. जमिनीवर हाच कळप वाघाला झाडावर चढवतो, पण पोहताना बिचाऱ्यांना चावता येत नाही. अख्खं गाव होड्यांत. कुणाच्या हातात सोटा, कुणाच्या वल्हं. मीही झगा कमरेला खोचला आणि लिसार्दोच्या होडीत उडी मारली.

तो ओरडून सांगत होता, पहिल्याला मारायचं नाही, तो वाट दाखवतो, तो मेला तर कळप परत या वाटेनं येत नाही. आणि शेवटच्यालाही नाही. शेवटच्याला का नाही, असं मी विचारलं. तर म्हणे, रीत आहे बाई, तुम्ही वल्हं मारा. मी मारलं. तिसऱ्या फटक्यात एक मोठी मादी गार झाली. लिसार्दो म्हणाला, नाउताच्या हातात जोर आहे हं! मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

तिच्या भोवती एक पिल्लू पोहत होतं, दालचिनीच्या रंगाचं, पुन्हा पुन्हा तिच्या पाठीवर चढायला बघत होतं. शाळेच्या पायऱ्यांवरून निल्सानं असा गळा काढला की लिसार्दोनं ते मागच्या पायाला धरून उचललं आणि माझ्या मांडीत टाकलं.

शेवटचा बराच मागे होता. सावकाश पोहत होता, मान पाण्याबाहेर उंच धरून. सगळ्यांनी वल्ही आवरली, बोलणंही थांबलं. तेओलिंदा मावशी आपल्या पायऱ्यांवर उभी राहिली होती. तो पलीकडे चढून झाडीत जाईपर्यंत ती बसली नाही.

२५ एप्रिल

पिल्लाचं नाव कानेला, म्हणजे दालचिनी. शिकारीतून आलेलं पिल्लू इथे पाळतात, मोठं झालं तरी खात नाहीत. निल्सा त्याला केळं चावून चावून भरवते.

आज मावशी राख आणि आल्याचा चोथा घेऊन आली. तिनं कानेलाच्या पाठीवर, शेपटीच्या जरा वर, केसांत दडलेली एक जागा दाखवली. पाठीवरची बेंबी म्हणतात तिला. तिच्यातून तेल झरतं. वांगाना दिवसभर हे तेल एकमेकांना फासतात, एकाचा गाल दुसऱ्याच्या ढुंगणाला, दुसऱ्याचा याच्या. म्हणून दोनशे जनावरांचा वास एकच. डोळ्यांनी त्यांना फारसं दिसत नाही. ज्याला तो वास, तो त्यांचा. म्हणून महिनाभर सकाळ-संध्याकाळ राख आणि आलं त्या जागेवर दाबून भरायचं, ती सुकेपर्यंत. तोवर पिल्लू अंगाशी धरायचं नाही, मुलांनी तर नाहीच. मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

लिसार्दो कळपाबद्दल बोलायला लागला की थांबत नाही. म्हणाला, दिवसभर चालतात, दमले की चिखलात लोळतात, खारट माती चाटायला चार-चार दिवसांची वाट तुडवतात. कुऱ्हाडीच्या पाठीनं फुटत नाही ती ताडाची बी दाढेखाली फोडतात. पांगले की दात वाजवून एकमेकांना बोलावतात. आणि मागे राहिलेल्याला सोडून जात नाहीत, परत येतात.

३ मे

राखेनं कानेलाची पाठ सोलवटून निघालीय. पू झालाय. पिल्लू केकाटतं, ते ऐकून निल्सा जेवत नाही. मुलांना स्वच्छतेचा धडा मी शिकवायचा आणि घरात ही दशा! आज शाळेच्या साबणानं जखम स्वच्छ धुतली आणि राख बंद केली. दोन दिवसांत खपली धरेल.

मावशी रोज संध्याकाळी विचारते, केलंस का? मी सांगते, दोनदा केलं. तिच्या समाधानासाठी केसांवर वरवर राखेचा एक पट्टा ओढून ठेवते. म्हातारीला बरं वाटतं, पिल्लालाही बरं वाटतं.

११ मे

कानेला आता निल्साच्याच झोळीत झोपते. दोघींचा एक खेळ आहे. निल्सा तिच्या पाठीला गाल घासते, कानेला निल्साच्या कमरेला. गोल गोल, मिनिटं न् मिनिटं. मी हसून हसून बेजार झाले. वर्गातली मुलं नाक दाबतात आणि ‘वांगाना आली, वांगाना आली’ म्हणून चिडवतात. निल्सा चिडत नाही, उलट खूश होते.

तिचे केस तीनदा धुतले. वास जात नाही. दुपारपर्यंत मलाच तो येईनासा होतो.

१८ मे

आज जेवायला घरी आले तर खालचे नऊच्या नऊ खांब गुडघ्याच्या उंचीपर्यंत ओले. पाणी नव्हे, काहीतरी तेलकट. खाली चिखल मऊ आहे, कोंबड्यांची पावलं तेवढी उमटलीत, दुसरं काही नाही.

लिसार्दोला बोलावलं. आधी म्हणाला, कुणाचं तरी डुक्कर अंग घासून गेलं असेल. सांता रुफिनात कुणाकडे डुक्कर आहे हे त्यालाही सांगता येईना. मग त्यानं बोट लावून हुंगलं आणि ते घाईघाईनं चिखलात पुसलं. कळप चार दिवसांच्या वाटेवर आहे, खारट मातीपाशी, कालच कुणी शिकारी सांगून गेला म्हणे. जाताना त्यानं विचारलं की राख नीट भरत होतात ना बाई? मी म्हटलं, हो. त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

२१ मे

निल्सानं ताडाची बी दातांनी फोडली. दुधाचे दात आहेत तिचे, वरचा एक हलतोय. माझ्यासमोर कडाडकन फोडली, गर खाल्ला आणि दुसरी उचलली. तोंडात बोट घालून पाहिलं. रक्त नाही.

हजेरीला आज ती ‘हजर’ म्हणाली नाही. दात वाजवले, दोनदा. मुलं हसली. मी तिला कोपऱ्यात उभं केलं आणि ती तासभर भिंतीला कंबर घासत राहिली.

दुपारी फळ्यांखाली पुष्कळ पावलं चालल्याचा आवाज आला, लख्ख उन्हात. पालथी पडून फटीतून पाहिलं. काही नव्हतं. कोंबड्या मात्र सगळ्या शाळेच्या छपरावर चढल्या होत्या.

२४ मे

मावशी केळी द्यायला आली होती. निल्सा जवळून गेली, तशी तिनं तिला धरलं आणि टाळू हुंगली. केळी तिथेच खाली पडली.

मी सगळं सांगितलं. साबण, राखेचा पट्टा, रोजचं खोटं. ती ओरडेल, चार शिव्या घालेल असं वाटलं होतं. तिनं एक शब्द वाकडा काढला नाही. तिथे माझं अवसान गळालं.

तिचा मुलगा आब्सालोन. नऊ वर्षांचा होता. एकतीस वर्षांपूर्वी तिनंही असंच एक पिल्लू वाढवलं आणि त्याचं केकाटणं ऐकवेना म्हणून राख थांबवली. एका दुपारी कळप घराखालून गेला आणि आब्सालोन त्यांच्याबरोबर चालत गेला. कुणी ओढून नेलं नाही. पुढच्या एप्रिलला कळपानं नदी ओलांडली तेव्हा तो शेवटी होता, तिनं केसांवरून ओळखला. त्याच्या पुढच्या वर्षी ओळखायला केस नव्हते. पण पाण्यातून जाताना एकटा तोच मान वर धरतो, तिच्या पायऱ्यांकडे बघतो. त्या वर्षी ती बावीस घरांच्या पाया पडत फिरली की शेवटच्याला मारू नका. ती रीत ती हीच.

मी विचारलं, तू मागे का गेली नाहीस? म्हणाली, पोटात दुसरं होतं. शिवाय भीती वाटली. यातलं खरं कारण कोणतं, ते रोज दुपारी बसून शोधते अजून. पोटातलं पोर जगलं नाही.

२७ मे

निल्साच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, एक ओली जागा आहे. नाण्याएवढी नाही, त्याहून लहान. सकाळी कोरडी पुसली, दुपारी पुन्हा ओली.

राख आणि आलं भरलं. लिसार्दोनं हात धरले, मावशीनं पाय. जो आवाज निघाला तो माझ्या पोरीचा नव्हता. रानातून त्याला उत्तर आलं.

लिसार्दोनं कानेलाला होडीतून अर्धा दिवस लांब नेऊन सोडली. तो परतला तेव्हा ती घराखाली होती, त्याच्या आधी.

लाँच दोन तारखेला येते. खड्ड्यात गेली ती कायमची नोकरी. पोर वाचली पाहिजे, बस.

३० मे

निल्सा भर बारा वाजता घराखाली चिखलात बसलेली. रानाकडे तोंड. चार हाका मारल्या. पाचवीला वळली. मी कोण ते आठवत असल्यासारखी बघत राहिली —

मग नाक उचलून हुंगलं. माझा वास तिला आवडला नाही.

माझं मनगट आणि तिचं मनगट फडक्यानं बांधून ठेवलंय. अजून तीन दिवस. देवा, तीनच.

२ जून

लिहवत नाही. तरी लिहिते.

लाँच दहाला आली. बसलो. मनगटं बांधलेली. नदीच्या मध्यावर तो वास आला, आणि मला समजलं. बाकीचे ओरडले, वांगाना! वांगाना! — हसत होते, बांबू उचलत होते, खलाशी, प्रवासी, बायकासुद्धा. अगदी माझ्यासारख्याच. कळप नदी ओलांडत नव्हता. लाँचकडे येत होता.

मी ओरडले, मारू नका, मारू नका. एकजण म्हणाला, बाईला उन्हाचा झटका बसलाय, हिला पाणी पाजा.

फडकं — दातांनी. एका चाव्यात. वळून पाहिलं तोवर ती पाण्यात होती. हाक मारली नाही तिनं. पोहायला येत नव्हतं तिला, मी शिकवलंच नव्हतं. पोहत होती. भोवती डोकी जवळ जवळ आली, मग तिचे केस दिसेनात.

अकरा मारले त्यांनी. अकराही डेकवर ओढले. मी एकेकाचं तोंड उचलून पाहिलं. एकही ती नव्हती. मी तिथे रक्तात बसून हसले. लोक बाजूला सरकले.

दुसऱ्याच्या शेजारी तिसरी पडली होती, दुधानं भरलेली. त्या दिवशी मी तिसऱ्या फटक्यात — तिचंही पिल्लू पाठीवर चढायला बघत होतं. माझ्या लक्षात आलं होतं. मी बघितलं होतं ते.

लाँच परत फिरवायला लावली.

४ जून

काल पुरुष रानात गेले होते. पावलं सापडली नाहीत, एकही. लिसार्दो शाळा बंद ठेवा म्हणाला. ठेवली नाही. नाहीतर दिवसभर काय करू?

हजेरी घेतली. सतरा हजर. जिभेनं सवयीनं अठरावं नाव घेतलं.

फळ्यांखालून — कट. कट.

कुणी हसलं नाही. मुलांनी पाय वर घेतले.

मी तिच्या नावापुढे हजर लिहिलं.

५ जून

बारा वाजलेत. सगळे खाली आहेत. या वेळी दिसताहेत. फटींतून पाठीच पाठी, खांबांना घासताहेत, घर हलतंय.

कडेला एक लहान. वर बघतेय. मनगटाला फडक्याची चिंधी. तोंड अजून — अजून बरंचसं तिचंच आहे. म्हणजे वेळ आहे. ओढून आणता आली तर आणीन. नाही आली तर —

मावशी आली होती. म्हणाली, आब्सालोन दिसला तर त्याला सांग की मी — माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

सकाळी नऊही खांबांना पाठ घासली. गाल, गळा, केस. आता मला वास येत नाही. खाली त्यांना येतोय. दात वाजवणं थांबलंय.

भीती वाटते. फार वाटते. पण पोटात दुसरं नाही माझ्या.

लिसार्दोभाऊ, वही टेबलावर ठेवतेय. पेन्शन राहिली. पुढच्या एप्रिलला कळप नदी ओलांडेल. गावाला सांगा, लाँचवाल्यांनाही सांगा — आता शेवटचा एक नाही. शेवटचे तीन. वल्ही आवरून धरा. मी मान वर ठेवीन, शाळेकडे बघीन, म्हणजे ओळखाल —

आणि पटावर निल्साच्या खाली मी माझं नाव घातलंय. एल्मिरा. जो कुणी नवा मास्तर येईल त्याला सांगा, हजेरीला ते वाचायचं. सोडायचं नाही. आम्ही खाली असलो तर उत्तर दे